मुक्या सिनेमातली वाकडी घरं

अण्णा, आईला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आधी फोनची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी गेली, मग दारातून मारलेली हाक. कानाचं मशीन आणलं होतं, पण कानात किडा वळवळल्यागत होतंय म्हणून तिनं ते काढून साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं, ते तिथंच आहे. मी शाळेतून एक पाटी आणि पेन्सिलींचा पुडा आणला. मी पाटीवर लिहिते, ती चष्मा पुढं ओढून वाचते, आणि उत्तर मात्र तोंडानं देते. तेही एवढ्या मोठ्यानं, की आज आमच्याकडं शेपू केलाय हे गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. स्वतःचा आवाजच तिला ऐकू येत नाही, मग तो लहान-मोठा कसा करणार? चौथी शिकलेली बाई, पण लिहिलेलं भराभर वाचते. तुमच्या पगाराच्या दिवशी येणारं वर्तमानपत्र तर सोडाच, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदही उलगडून वाचणारी ती, तुम्हाला आठवत असेल.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा जी माझ्या पोटात होती ती तुमची नात आता पुण्याला शिकते. माझे मिस्टर नाशिककडं नोकरीला असतात, महिन्यातून एकदा येतात, दोन दिवस झोपून परत जातात. मी तेरच्या शाळेत आहे. सकाळची शाळा सुरू झाली की साडेसहाची बस, मग मुलं, मग मोबाइलवर भरायची माहिती, मग मतदारांच्या याद्या, आणि दीडच्या सुमाराला परत धाराशिवच्या स्टँडवर उतरून घरापर्यंत उन्हातून चालत. चप्पल काढताना भिंतीला हात लावावा लागतो. दमले असं कुणाला म्हणायची सोय नाही, कारण घरात ऐकणारं माणूस एकच आणि त्याला ऐकू येत नाही. पाटीवर "दमले" लिहायचाही कंटाळा येतो.

दुपारची जेवणं झाली की आई टीव्हीपुढं बसायची. मालिकेतल्या बायका तोंडं हलवायच्या आणि ही माझ्याकडं बघायची. "काय म्हणायलीय ती?" मी लिहायचे. तोवर दुसरी बोलायची. "आता ही काय म्हणायलीय?" मी पुन्हा लिहायचे. एकदा माझाच हात दुखून आला आणि मी पाटीवर लिहिलं, "काही विशेष नाही, भांडतायत." आईनं पाटी बाजूला ठेवली आणि त्या दिवसापासून टीव्ही लावायला सांगितलं नाही. नुसती बसायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ते मला जास्त लागलं. लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, आजीला मूक सिनेमे लाव ना. आम्हाला कॉलेजात जर्मन भुताचे सिनेमे दाखवले, शंभर वर्षांपूर्वीचे. त्यात कुणी बोलतच नाही. फुकट आहेत सगळे." आणि तिनं टीव्हीवर ते कसे शोधायचे ते सांगितलं.

मी पाटीवर लिहिलं, "जर्मन सिनेमा लावू?" आईनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "जर्मलचा? पातेल्याचा सिनेमा व्हय?" किती दिवसांनी हसले मी, अण्णा. मग लिहून सांगितलं की जर्मलच्या पातेल्याचा नव्हे, जर्मनी देशाचा. तशी ती म्हणाली, "मग तुझ्या अण्णाच्या एक्सऱ्याच्या मशिनीचा देश. तो किरणं काढणारा सायबबी तितलाच हुता म्हणायचे." तुमच्या तोंडून ऐकलेलं ती अजून धरून आहे.

तर गेले दोन महिने आम्ही दोघी हे सिनेमे बघतो. खिडक्यांना ऊन येऊ नये म्हणून चादरी लावलेल्या असतात, पंखा गरगरत असतो, आणि पडद्यावर काळी-पांढरी माणसं. सगळ्यांच्या डोळ्यांभोवती गाडगंभर काजळ. पुरुषांच्यासुद्धा. मधूनच एक पाटी येते, तिच्यावर जर्मन अक्षरं, खाली बारीक इंग्रजी. ती थांबते बराच वेळ, म्हणजे मला आईच्या पाटीवर मराठीत उतरवून द्यायला वेळ मिळतो. त्या काळच्या लोकांनी आमच्याचसाठी सोय करून ठेवल्यागत.

पहिला सिनेमा लावला तेव्हा त्याला मागून कुणीतरी वाजंत्री जोडलेली होती. व्हायोलिनं किंचाळायची आणि माझ्या हातावर काटा यायचा. शेजारी आई मात्र निवांत, शेंगा फोडत. भूत जिना चढून येतंय, लांब बोटं पुढं, आणि ही म्हणते, "हे आजारी हाय गं. याला कुणी जेवायला घालत न्हाय." तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती बघतीये तो आणि मी बघतीये तो, हे दोन वेगळे सिनेमे आहेत. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला. खरंच, भीती गेली. उरलं एक उपाशी, हळू चालणारं माणूस, ज्याला कुणी दार उघडत नाही. माझ्या वर्गातली पोरं मोबाइलवर याच्या दसपट भयंकर बघतात आणि बघता बघता वडापाव खातात. त्यांना हे दाखवलं तर ती हसतील. मी हसले नाही. मला त्या भुतांविषयी मायाच वाटायला लागली होती. त्यांना पोचायला फार वेळ लागतो, आणि पोचल्यावरही काही बोलता येत नाही.

आता ज्या दुपारसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

त्या दिवशीच्या सिनेमात एक गाव होतं. सगळी घरं वाकडी. भिंती एकीकडं कललेल्या, खिडक्या तिरप्या, दारं वर अरुंद आणि खाली रुंद, गल्ली अशी की वरून दोन्ही बाजूंची घरं एकमेकांवर पडतील. लेकीनं सांगितलं होतं की हे मुद्दाम करायचे, पुठ्ठ्यावर रंगवायचे, माणसाच्या मनातली भीती दाखवायला. मी हे आईला लिहून द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात आई पुढं वाकली. पडद्याकडं बोट करून, शांतपणे, म्हणजे तिला वाटलं शांतपणे, म्हणाली, "ही भूकंपानंतरची घरं हायत."

मी लिहिलं, "नाही, रंगवलेली आहेत."

"रंगवूदे," आई म्हणाली. "बघूनच रंगवली असतील की."

सिनेमा पुढं चालला होता. गावात पेटी घेऊन एक परका माणूस येतो आणि रोज एका घरातलं कुणीतरी गप्प होतं, असं काहीतरी. घंटा वाजवणाऱ्याची बायको एका खोलीचं दार ढकलते, आत काय आहे ते आपल्याला दाखवत नाहीत, फक्त तिचा चेहरा दिसतो. तोंड उघडतं, पूर्ण उघडतं, मानेच्या शिरा ताठतात, आणि आवाज काहीच नाही. मी सिनेमा थांबवला. तो चेहरा तसाच पडद्यावर राहिला, तोंड उघडं ठेवून. ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं, अण्णा. तुमच्या दवाखान्यात.

मी पाचवीत. गणपती बोळवून दमून झोपलेल्या लोकांवर पहाटे घरं कोसळली, तो आठवडा. आपल्या क्वार्टरची एक भिंत तडकली, बाकी काही नाही. पण उमरगा-लोहाऱ्याकडून गाड्याच गाड्या यायला लागल्या. ट्रक, जीप, ट्रॅक्टर. दवाखान्याच्या व्हरांड्यात, अंगणात, लिंबाखाली सतरंज्या टाकून माणसं. तुम्ही तीन दिवस घरी आला नाहीत, आणि क्वार्टर तर आवारातच होतं. शाळा बंद. आई दोन्ही वेळेला डबा बांधून मला पाठवते. भाकरी, पिठलं, एका वाटीत चिंच, कारण तुमच्या बोटांना लागलेला औषधाचा तपकिरी डाग आणि वास चिंचेनंच निघतो. तुम्ही एक्स-रे काढता आणि तुम्हीच अंधाऱ्या खोलीत जाऊन फिल्मा धुता. त्या खोलीचा नियम मला तोंडपाठ आहे. दार तीनदा वाजवायचं. थांबायचं. आतून "हां" आलं की मगच ढकलायचं. दाराच्या आत काळा पडदा, पडद्याच्या आत लाल दिवा. उजेडाचा एक कवडसा जरी शिरला तरी आतल्या सगळ्या फिल्मा वाया.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन बोळात पोचते आणि जमीन पुन्हा हलते. थोडीच, पण तेवढ्यात बोळात एकच गोंधळ. ज्यांना पाय आहेत ते बाहेर पळतात. ज्यांना पळता येत नाही ते कॉटवरून नुसते बघतात. मीही पळाले. पण मी बाहेर नाही पळाले, अण्णा. मी तुमच्याकडं पळाले. दार वाजवलं नाही, "हां"ची वाट बघितली नाही, पडदा बाजूला केला आणि आत गेले. लाल दिवा लागलेला होता. टाकीत फिल्मा लटकत होत्या. तुम्ही नव्हता. मी हाक मारली. मग पडदा धरून तशीच उभी राहिले, अंधाराची भीती वाटत होती म्हणून तो सोडवत नव्हता, आणि बोळातला सगळा उजेड माझ्या पाठीमागून आत येत होता. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला.

"दार कुणी उघडलं?"

एका हातात डबा, एका हातात पडदा. मी म्हणाले, "मी."

तुम्ही मारलं नाहीत. तुम्ही मला कधीच मारलं नाहीत. टाकीतून एकेक फिल्म वर काढली, सगळ्या काळ्याठिक्कर. मग सिस्टर ऐकत असताना म्हणालात, "एवढं भ्यायचं असंल तर आईच्या पदराखाली बसायचं. तुझ्यापायी त्या बाईला पुन्हा उचलावं लागतंय. इथं थांब. बघ."

मी थांबले. बघितलं. चौघांनी चादरीची चार टोकं धरून त्या बाईला कॉटवरून उचललं आणि तुमच्या मशीनखाली ठेवलं. तिचं कंबरेखालचं काहीतरी मोडलेलं होतं. हिरवं लुगडं, हातात एकच बांगडी. तुम्ही म्हणत होता, "एक डाव बाई, फकस्त एक डाव." तिचं तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि आवाज आला नाही. डोळे छताकडं. तुम्ही मशीन मारलं, पुन्हा चौघांनी उचललं, पुन्हा ते तोंड. नंतर मी घरी आले आणि डबा चुलीजवळ ठेवला. तुम्ही जेवलाच नव्हता.

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. त्या दिवाळीला तुम्ही सोलापूरहून माझ्यासाठी दोन सेलांची बॅटरी आणलीत, चकचकीत, लाल बटणाची. शेजारच्या पोरी म्हणाल्या, किती छान. मला वाटलं, टोमणा आहे. भित्री म्हणून आणली. मी ती कधी लावली नाही. आत सेल तसेच फुटले, हिरवं पाणी आलं, आणि एका वर्षी आईनं ती भंगारवाल्याला दिली. मी मोठी झाले, डीएड केलं, लग्न झालं, पण अजूनही कुठलंही बंद दार मी तीनदा वाजवते आणि थांबते. ऑफिसचं, बाथरूमचं, माझ्या स्वतःच्या घरातल्या कोठीच्या खोलीचं, जिथं ज्वारीच्या पोत्यांशिवाय कुणी नाही. शाळेतल्या बाया हसतात. मी म्हणते, सवय आहे.

तर त्या दुपारी पडद्यावर ते तोंड उघडं, आणि आई माझ्याकडं बघतीये. "काय झालं गं? लाव की." मला काय सुचलं कोण जाणे. पाटी घेतली आणि लिहिलं, "दवाखान्यातली बाई आठवली. माझ्यामुळं जिला दोनदा उचललं." जागा पुरली नाही, अक्षरं शेवटी बारीक झाली.

आईनं पाटी डोळ्यांजवळ नेली. वाचायला तिला एवढा वेळ कधी लागत नाही. मग पाटी मांडीवर पालथी ठेवली.

"तुझ्यामुळं न्हाय," ती म्हणाली.

मी मान हलवली. माझ्यामुळंच, असं बोटानं दाखवलं.

"न्हाय म्हनले ना. तू गेलीस तवा दार उघडंच हुतं. तुझे अण्णाच उघडं टाकून गेले हुते. भुई हालली आन् ते भ्याले. फिलमा पाण्यात सोडल्या तशाच, पडदा सारला, दार उघडं टाकलं आन् बाहीर, उजेड तवाच आत शिरला. लिंबाखाली जाऊन हुबे. पेशंट आत, शिस्टर आत, आन् हे सगळ्यात आदी बाहीर. मग ध्यानात आलं तसं माघारी आले, तर तू पडदा धरून हुबी."

खिडकी उघडी होती. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती घालायची थांबली, हे मला चादरीच्या फटीतून दिसलं. आई त्याच आवाजात बोलत राहिली. तिला थांब म्हणायचं मला सुचलं नाही.

तुम्ही तिला हे सोलापूरच्या दवाखान्यात सांगितलंत म्हणे, शेवटच्या वेळी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तिला विचारलंत, "पोरीला सांगू का?" ती म्हणाली, "आता ती जड पोटाची हाय. तुम्ही बरे होऊन घरी या, मग सांगा." आणि तुम्ही घरी आला नाहीत.

मी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "मग तू का सांगितलं नाहीस?"

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांनी सांगायचं ते," म्हणाली. "म्याच त्यांना थांबा म्हनले. मग मी कोणत्या तोंडानं सांगू?"

आणि मग, माझ्याकडं न बघता, "लाव तो शिनेमा. त्या बाईला किती येळ तसं ठिवतीस?"

मी लावला. घंटावाल्याच्या बायकोचं तोंड मिटलं. पुढं काय झालं ते मी बघत होते, पण मला काही कळलं नाही, आणि पाट्या आल्या त्या मी आईला लिहून दिल्या नाहीत. तिनंही मागितल्या नाहीत.

त्यानंतर चार-पाच दिवस मी तुमच्यावर चिडलेली होते. खरं म्हणजे चिडायलाही ताकद लागते, ती माझ्याकडं दुपारनंतर उरत नाही. त्यामुळं मी सकाळी, बसमध्ये, चिडायचे. भ्यालात त्याचं काही नाही. कोण भ्यालं नसतं? तीन दिवस अंधाऱ्या खोलीत मोडकी हाडं धूत बसलेलं माणूस जमीन हलल्यावर पळणारच. मी कितीदा तरी मनात तुम्हाला त्या लिंबाखाली उभं केलं. पांढरा कोट, ओली बोटं, डोळ्यांना ऊन सोसत नाहीये. तेवढ्यापुरतं सगळं समजतं. पण नंतर तुम्ही माघारी आलात, मला बघितलंत, मी "मी" म्हणाले, आणि तुम्हाला खरं माहीत होतं. तरी तुम्ही मला तिथं उभं केलंत आणि बघ म्हणालात. मी दहा वर्षांची होते, अण्णा. आणि हेही कळत नाही की मला कधीच प्रश्न कसा पडला नाही, की फिल्मा टाकीत असताना तुम्ही माझ्या मागून, बाहेरून कसे आलात? एवढी वर्षं दर वेळी आठवलं, आणि दर वेळी तुम्ही बाहेरूनच आलात, आणि मी कधी विचारलं नाही. बापाला असं विचारायचं असतं हेच मुळी डोक्यात नव्हतं.

मग एका सकाळी, ढोकीच्या फाट्यावर बस थांबली असताना, मला माझ्या वर्गातली ती मुलगी आठवली. आठवली म्हणजे, ती विसरलेली नव्हते, बाजूला ठेवली होती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. शाळेला एक टॅबलेट मिळालेला आहे, पाटीएवढा, मुलांना त्यावर धडे दाखवायचे. तो माझ्या ताब्यात. त्या दिवशी वरून माहिती मागितलेली, दोनच्या आत भरायची, आणि मला रात्री आईच्या खोकल्यानं झोप नव्हती. टेबलावरून पर्स ओढली, पट्टा टॅबलेटच्या खालून गेलेला, तो दाणकन् फरशीवर. काच पूर्ण तडकली. वर्गात तेव्हा फक्त पुढच्या बाकावरची ती एक होती, डबा खाऊन लवकर आलेली. धनगराची पोर, मेंढरांमागं हिंडणारं घर, अर्धं वर्ष गावात अन् अर्धं वर्ष रानात. पण त्या टॅबलेटवर बोट फिरवून नकाशा मोठा-लहान करायची तिला फार हौस. तिनं पडताना बघितलं. मुख्याध्यापक आवाज ऐकून दारात आले. "मॅडम, काय झालं?" आणि मी म्हणाले, "पोरांच्या हातून पडला, सर."

मी नाव घेतलं नव्हतं. पण वर्गात पोर एकच होती. सर तिला म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी फरशीवरचे तुकडे गोळा करायला वाकले. तिला त्या दिवशी व्हरांड्यात उभं केलं, आणि पुढं तिला टॅबलेटला हात लावू दिला नाही. लावू दिला नाही म्हणजे कुणी, मीच. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, चुकलं." काय चुकलं ते मी विचारलं नाही. तिनं काहीच केलेलं नव्हतं आणि ती माफी मागत होती, आणि मी म्हणाले, "ठीक आहे, जा जागेवर."

दिवाळीनंतर ती लोकं मेंढरं घेऊन निघून गेली. दरवर्षी तिला आजीजवळ ठेवायचे, यंदा घेऊन गेले. आजी म्हणाली, "पोरगीच म्हनली, न्यावं तर न्या. साळंत मन लागत न्हाय." पाऊस लागायच्या सुमाराला परततात.

हे मी आईला सांगायला बसले होते. पाटीवर पहिली ओळ लिहिली, "माझ्याकडूनही असंच एकदा," आणि आई चष्मा शोधत होती तेवढ्यात पदरानं पुसून टाकली. आई म्हणाली, "काय लिवलं हुतंस?" मी लिहिलं, "संध्याकाळी काय करू?" ती म्हणाली, "कायबी कर. भात टाक."

सिनेमे अजून बघतो. कालच्यात एक माणूस स्वतःच्या सावलीला घाबरून पळत होता, आई त्याला म्हणाली, "पळ बाबा." तुमचं नाव पुन्हा निघालं नाही. माझा राग किती उरलाय ते मला सांगता येणार नाही. काही दिवस वाटतो, काही दिवस नुसता थकवा असतो आणि तो कशाचा आहे ते वेगळं काढता येत नाही. त्या बाईचं पुढं काय झालं, ती चालायला लागली का, हे तुम्हाला माहीत असणार. ते मात्र आईलाही तुम्ही सांगितलं नाहीत.

हे लिहिलेलं कुठं टाकायचं नाही, कपाटात घडी करून राहील. मी ठरवलंय की ती मुलगी जूनमध्ये आली की पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, सरांसमोर, खरं काय ते सांगायचं. वाक्यसुद्धा तयार केलंय, बसमध्ये मनात म्हणून बघते. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगते. गेल्या शुक्रवारी येताना रस्त्यावर मेंढरं आडवी आली. बस थांबली. धुरळ्यातून आधी घोडं, मग बिऱ्हाड, मग काठी घेतलेली एक परकरातली पोर दिसली, साधारण तेवढीच. मला वाटलं, लवकर परतले. मी खिडकीतून तोंड आत घेतलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. बस सुटताना पोर अगदी खिडकीजवळ आली, तेव्हा एकदाच वर बघितलं. दुसरीच होती. मला बरं वाटलं, अण्णा.